उकिरड्यावरचे अर्धवट काम

शेण सडते म्हणून वास येतो, हे विधान इतके उघड वाटते की त्यावर कुणी थांबत नाही. पण अंगणातला सडा, सारवलेली ओसरी, भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या हे सारे शेणच असते आणि त्यातल्या कशामुळेही नाकाला पदर लावावा लागत नाही. तेच शेण पावसाळ्यात गोठ्यामागे खड्ड्यात साचले की गल्ली ओलांडताना जीव नकोसा होतो. आणि त्याच खड्ड्याच्या तळातून वर्षाने काढलेले काळे, भुसभुशीत खत मुठीत धरले तर त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. वस्तू एकच, आणि तिचे वास तीन. म्हणजे हा वास नुसत्या शेणाचा म्हणता येत नाही. शेणाचे पुढे काय झाले आणि कुठवर झाले, यावर तो ठरतो.

शहराच्या कडेने वाढत चाललेल्या गावांत यावरून होणारे भांडण आता ठरीव झाले आहे. एका बाजूला चाळीस-पन्नास जनावरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला नवी सोसायटी. दोन कल्पित माणसे समोरासमोर बसवू: गोठ्याचे मालक आबा आणि सोसायटीतल्या एक ताई. माणसे कल्पित असली, तरी त्यांचे बोलणे कोणत्याही ग्रामसभेत ऐकू येईल असेच आहे.

ताई म्हणतात, "आबा, तुमच्या धंद्याशी माझं भांडण नाही. पण संध्याकाळ झाली की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. कारखान्याच्या धुराला नियम आहेत, मग याला का नकोत? गोठा वस्तीपासून लांब न्या, एवढंच म्हणणं आहे." आबांचे उत्तरही तयार असते. "ताई, गोठा आधीचा की तुमची बिल्डिंग? शेणाला शेणाचाच वास येणार, अत्तराचा कुठून येईल? दूध पिशवीतून येतं म्हणून विसरायला होतं, पण ते जनावरातून येतं आणि जनावर शेण टाकतंच." दोघे एकमेकांना खोडून काढत आहेत असे वाटते खरे, पण त्यांचे गृहीत एकच आहे. गुरे आहेत तिथे दुर्गंधी असणारच, असे दोघेही धरून चालतात. एकाचे म्हणणे ती सोसा, दुसऱ्याचे म्हणणे ती दूर न्या. माझा आक्षेप त्या गृहीतावर आहे.

त्यासाठी आधी गाईच्या पोटात डोकवावे लागते. गाय चारा खाते, पण तो पचवतात तिच्या पोटातले सूक्ष्मजीव. जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे ते कडब्यातला तंतू फोडतात आणि त्यातून अ‍ॅसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी आम्ले बनवतात. ही आम्ले हे गाईचे खरे अन्न. तिला लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे ७० टक्के वाटा त्यांतून येतो. तयार होतील तशी ती पोटाच्या अस्तरातून रक्तात शोषली जातात. शेणाबरोबर जिवाणूंचा मोठा लवाजमा बाहेर पडतो आणि सोबत न पचलेला तंतू, पिष्ट आणि प्रथिनेही. खड्ड्यात साचलेल्या ओल्या शेणातही हवा नसते, त्यामुळे तेच काम तसेच पुढे सुरू राहते. फरक इतकाच की पोटात या मालाला गाय नावाचे गिऱ्हाईक होते आणि खड्ड्यात कोणी नाही. माल साचत जातो. ब्युटिरिक आम्लाला त्याचे नाव लोण्यावरून मिळाले. खवट लोण्याचा जो वास, तो त्याचा. प्रथिने फुटली की प्रकरण आणखी तीव्र होते: टायरोसिनपासून पॅरा-क्रेसॉल, ट्रिप्टोफॅनपासून इंडोल आणि स्कॅटोल, गंधकयुक्त घटकांपासून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. डुकरांच्या मलमूत्रात अशी दीडशेहून अधिक वायुरूप द्रव्ये मोजली गेली आहेत. (इंडोल अगदी अल्प प्रमाणात मोगऱ्यातही असते. मात्रा बदलली की नाकाचा निकालही फिरतो.)

मग ही साखळी पुढे सरकत नाही का? सरकू शकते. आम्ल बनवणाऱ्यांच्या मागे दुसरी टोळी असते, अ‍ॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन वापरून मिथेन सोडणाऱ्या आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांची. मिथेनला वास नाही, म्हणजे या टोळीचे काम पुरे झाले तर वासाचा बराचसा कच्चा माल संपतो. पण आम्ल करणारे झपाट्याने वाढतात, तर मिथेनवाले संथ असतात आणि आंबटपणा वाढला की जवळजवळ थांबतातच. खड्ड्यात रोज ताजे शेण पडत राहिले तर पहिली टोळी नेहमी पुढे आणि दुसरी नेहमी मागे. दुसरा मार्ग हवेचा. ढीग सैल असेल, मधून हवा खेळत असेल, तर हवेवर जगणारे जिवाणू हीच आम्ले जाळून त्यांचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. ढीग तापतो, मग निवतो, आणि शेवटी मातीतले अ‍ॅक्टिनोमायसीट जातीचे जिवाणू त्यात जिओस्मिन सोडतात. पहिल्या पावसाचा वास तो हाच. गोवरी आणि सारवण तिसऱ्या वाटेने सुटतात: थर पातळ, तो भरभर वाळतो, आणि पाण्यावाचून जिवाणूंचे काम बंद पडते. तेव्हा दुर्गंधी येते ती कुजण्याची गाडी मधल्या स्टेशनावर अडकते तेव्हा. शेवटपर्यंत गेली तर वास नाही, सुरूच झाली नाही तरी नाही.

"हे पुस्तकात ठीक आहे," आबा म्हणतील. "पण आमच्या आजाच्या गोठ्याला असला वास नव्हता. तेव्हा ना हवा खेळवायला कोणी जात होतं, ना हे आर्किया कुणाला ठाऊक होते. गाय देशी होती, एवढाच फरक." हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्यातले निरीक्षण बहुतेक ठिकाणी बरोबर असते, चुकते ते कारण. त्या गोठ्यात चार-सहा जनावरे होती. खाणे कडबा आणि गवत, पेंड सणासुदीची म्हणावी इतकी. शेण घट्ट पडे, त्यात न पचलेले पिष्ट आणि प्रथिन थोडे असे. खाली उरलेल्या वैरणीचे आच्छादन, मूत त्यात जिरे, आणि धुण्यासाठी पाइप नव्हता. आज संकरित गाईला सरकी, मका, गोळी पेंड मिळते, दूध वाढते आणि शेण पातळ होते. अमेरिकेत नेब्रास्कातल्या संशोधकांनी मांसासाठी पाळलेल्या, मका खाणाऱ्या गुरांच्या शेणावर प्रयोग केले, तेव्हा वासाची आम्ले मुख्यतः न पचलेल्या पिष्टातून येतात, आणि पिष्ट संपले की जिवाणू प्रथिनांकडे वळतात, असे दिसले. म्हणजे वासाचा निम्मा इतिहास गव्हाणीतच लिहिला जातो. आणि उरलेला बराचसा पाण्याच्या पाइपने. गोठा दिवसातून दोनदा धुऊन ते पाणी खड्ड्यात सोडणे स्वच्छतेचे काम वाटते, पण त्यामुळे घट्ट शेणाची हवाबंद स्लरी होते. आजोबांची गाय एखादी जर्सी असती आणि बाकी सगळे तसेच असते, तरी गोठ्याचा वास फारसा वेगळा नसता.

मुताचा हिशेब वेगळा मांडायला हवा, कारण गोठ्यात शिरताच डोळ्यांत झोंबतो तो अमोनिया तिथून येतो. गाईच्या मुतात युरिया असतो, आणि युरिया स्वतः वासाचा नाही. त्याला फोडून अमोनिया करणारे युरियेज हे विकर शेणातल्या जिवाणूंकडे असते. एकात माल, दुसऱ्यात सुरी; दोन्ही फरशीवर एकत्र आले की काही तासांत काम उरकते. म्हणून उतार करून मूत लगेच नालीने वेगळ्या टाकीत नेले तर अमोनिया बराच कमी होतो, आणि त्यासाठी कुठले यंत्र लागत नाही. इथे आबांना पैशाच्या भाषेत बोललेले अधिक पटेल. गाईच्या मुतात साधारण १ टक्का नत्र धरले आणि दिवसाला १० लिटर मूत, तर ते १०० ग्रॅम नत्र झाले. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जेमतेम २१ किलो. एक गाय सात महिन्यांत एका पोत्याइतके नत्र मुतातून देते, आणि गोठ्यात डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे त्या पोत्याला पडलेले भोक.

मात्र ताईंच्या खिडकीशी नेमके काय पोहोचते, हेही पाहायला हवे. अमोनिया हलका असतो, हवेत लवकर विरतो, आणि नाकाला कळण्यासाठी त्याचे प्रमाण तुलनेने बरेच लागते. पॅरा-क्रेसॉलसारखी द्रव्ये अब्जात एखादा भाग, किंवा त्याहून कमी असली तरी नाक ओळखते. अमेरिकेत मोठ्या पशुपालन केंद्रांच्या वाऱ्याच्या दिशेने हवेचे नमुने घेतले, तेव्हा लांबवर टिकून राहणारा आणि 'हाच तो गोठ्याचा वास' असे ओळखू येणारा घटक म्हणून पॅरा-क्रेसॉलच वर आला. ताईंची संध्याकाळची तक्रार मनाचा खेळ नाही, हेही इथेच समजते. दुपारी तापलेली हवा वर उसळून वास पातळ करते. सूर्य कलला की जमिनीलगतची हवा थंड होऊन थबकते आणि वास तिच्याबरोबर सपाटीने सरकतो. दुपारी पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला "कुठे वास आहे?" असा प्रश्न पडतो तो यामुळे.

ताईंकडे आता एक सोपा उपाय असतो. "जिवाणूंनीच बिघडवलंय, तर चांगले जिवाणू आणून टाका ना. बाजारात कल्चर मिळतात, बाटलीवर लिहिलेलं असतं." बाटलीवर पुष्कळ काही लिहिलेले असते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने डुकरांच्या मलमूत्राच्या टाक्यांत घालायची ३५ उत्पादने प्रयोगशाळेत तपासली. वास कमी करतात असे भरवशाने सांगता येईल अशी उत्पादने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. कारण फार गूढ नाही. खड्ड्यात जिवाणूंची टंचाई नसतेच, शेणाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ते अब्जावधींनी असतात. बाहेरून घातलेल्या पाहुण्याला जर तीच ओल, तीच हवाबंद कोंडी आणि रोजचे तेच ताजे शेण मिळाले, तर तोही स्थानिकांसारखा वागतो किंवा उपाशी मरतो. जीवामृत या द्रव खताचे उदाहरण बोलके आहे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन हे सारे वास सुटण्याचेच साहित्य. पण ते २०० लिटर पाण्यात पातळ करून दिवसातून दोन वेळा ढवळायचे असते. ढवळणे विसरून बॅरल आठवडाभर झाकून ठेवला तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. गुण जिवाणूंच्या जातीत थोडा आणि त्यांना मिळालेल्या परिस्थितीत फार.

परिस्थिती घडवण्याच्या बाबतीत आपल्याकडे सामग्री कमी नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिचा गाभा थरांची रचना आणि ठरावीक काळाने ढीग उलटणे हा होता, म्हणजे हवा. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांच्या नाडेप टाक्याच्या भिंतीत विटांमध्ये मुद्दाम खिडक्या सोडलेल्या असतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाक्याला शेण जेमतेम १०० किलो आणि काडीकचरा चौदा-पंधराशे किलो लागतो. शहरी माणसाला हे प्रमाण उलटे वाटेल. पण शेणात नत्र जास्त आणि कार्बन कमी. कडबा, पालापाचोळा, उसाचे पाचट घालून कार्बन आणि नत्राचे प्रमाण ३० ला १ च्या आसपास नेले की जिवाणू नत्र स्वतःच्या शरीरात बांधतात, हवेत सोडत नाहीत. बायोगॅसची वाट याच्या उलट आहे: हवा पूर्ण बंद करा, पण मिथेनवाल्या संथ टोळीला हवा तेवढा वेळ द्या. खादी ग्रामोद्योग आयोगाच्या तरंगत्या टाकीच्या संयंत्रात शेण हवामानानुसार ३० ते ५५ दिवस मुक्काम करते. दोन घनमीटरच्या संयंत्राला दिवसाला सुमारे ५० किलो शेण लागते. तीन-चार गाईंचे झाले. बाहेर पडणारी स्लरी ताज्या शेणापेक्षाही कमी वासाची असते, मात्र तिच्यातले नत्र मोकळ्या रूपात असल्याने ती उन्हात उघडी पसरली तर अमोनिया उडतोच. ती झाकावी किंवा लगेच मातीत मिसळावी लागते.

इथे आबांचा आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा. "ढीग उलटायला माणूस कोण देणार? पाचट आता साखर कारखान्याचं नाही तर जाळायचं, आणायला ट्रॅक्टरचं भाडं. दुधाला भाव काय मिळतो ते ताई, तुम्ही पिशवीवर बघा, आमच्या हातात काय पडतं ते मला विचारा. वास तुम्हाला येतो, खर्च मी करायचा?" 'शेतकऱ्याने शास्त्रीय व्यवस्थापन करावे' असे छापून मोकळे होणाऱ्या पत्रकांना या प्रश्नाचे उत्तर नसते. माझे उत्तर अर्धेच आहे. नाली, उतार, पावसाचे पाणी खड्ड्यात येऊ न देणारे साधे छप्पर आणि धुण्याआधी शेण कोरडे ओढून काढणे, एवढ्यासाठी आबांनी स्वतः खर्च करावा, कारण वाचलेले नत्र आणि न वाहून गेलेले खत त्यांचेच आहे. त्यापुढचे, म्हणजे मोठे संयंत्र किंवा सामाईक कंपोस्ट, हा वस्तीचाही खर्च आहे. सोसायटीतल्या झाडांचा वाळलेला पाला आबांना हव्या असलेल्या कार्बनच्या हिशेबात बसतो. तो डंपर भरून दुसऱ्या गावाला पाठवण्याऐवजी गोठ्याच्या टाक्यात गेला तर खर्च दोन्हीकडे वाचेल. अर्थात त्यात प्लॅस्टिक आले नाही तरच, आणि ही अट ताईंनी पाळायची.

ताईंच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करावी लागते, जी माझ्या युक्तिवादाला अडचणीची आहे. वास गेला म्हणजे त्रास गेला असे नाही. झाकलेल्या पण गळक्या टाकीतून मिथेन निसटला तर नाकाला पत्ताही लागत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तापमानवाढीला तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट कारणीभूत ठरतो. हायड्रोजन सल्फाइडचे तर आणखी वाईट. थोडा असला तर कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. दहा लाखात शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाची संवेदनाच बधिर होते, आणि त्याच्या पाच-दहा पटीत माणूस कोसळतो. खोल बंद टाकीत उतरलेल्या माणसाला 'आता वास येत नाही' असे वाटणे ही सर्वांत वाईट खूण असते. टाकी साफ करायला एक उतरतो, मग त्याला काढायला दुसरा, अशा बातम्या यातूनच येतात. तेव्हा नाक हे चांगले सूचक आहे, पण न्यायाधीश म्हणून अपुरे. दुर्गंधी आली की काम कुठेतरी अडकले आहे हे नक्की. वास आला नाही म्हणून सगळे ठीक असल्याची हमी मात्र मिळत नाही.

राहिला ताईंचा मूळ मुद्दा: लांब न्या. मुंबईने हे करून पाहिले. शहरातल्या तबेल्यांच्या घाणीवर तोडगा म्हणून १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दूध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने ३२ युनिटांत सुमारे १६ हजार म्हशी आल्या. तेव्हा ते रान होते. आज शहर आरेला येऊन भिडले आहे, शहरात उरलेले तबेले वेगळेच, आणि मिठी, ओशिवरा, दहिसर या नद्यांत वाहून येणाऱ्या शेणाची तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे. गुरे हलली, अडकलेले काम त्यांच्याबरोबर हलले. उलट टोक पाहायचे तर अमेरिकेतले नॉर्थ कॅरोलायना: लाखो डुकरांची स्लरी उघड्या तळ्यांत साठवणाऱ्या या राज्याने १९९७ मध्ये नव्या तळ्यांना बंदी घातली, आणि २०१८ मध्ये शेजाऱ्यांनी लावलेल्या खटल्यांत ज्युरींनी मोठ्या नुकसानभरपाया दिल्या. तिथे आबांचे 'आम्ही आधीचे' हे म्हणणे टिकले नाही, कारण शेजारी डुकरांच्याही आधीचे होते. माझ्या मते इथेच व्यवस्थापनाच्या युक्तिवादाची सीमा आहे. चाळीस जनावरांचे शेण वीस एकर शेतात जिरते. चारशेंचे शेण दोन एकरात जिरत नाही, मग नाली कितीही सरळ असो. जिथे खत टाकायला जमीन नाही, तिथे साखळीचे शेवटचे स्टेशनच नाही. म्हणून परवाना देताना जनावरे मोजावीत तशी त्यामागची जमीनही मोजावी, आणि गोठा वस्तीपासून किती मीटर एवढाच प्रश्न विचारून थांबू नये.

"म्हणजे मी शेड वाढवायची नाही?" आबा विचारतात. तीस जनावरांची नवी शेड त्यांच्या डोक्यात आहे, बँकेची फाइलही तयार आहे. ताई विचारतात, त्या तीसांचे शेण कुठल्या रानात जाणार. आबा थोडे थांबून सांगतात की नदीकाठचा तुकडा भावाकडे आहे, त्याला खत हवे असते पण उचलून नेणारा मिळत नाही. "ट्रॅक्टरचं भाडं किती?" ताई विचारतात, आणि गोठ्याविषयीच्या त्या सगळ्या बोलण्यात पहिल्यांदाच कुणीतरी आकडा लिहून घेते.